कुफर पेशींमधली चमक

माणूस फुकटात काही देत नाही, असं मोठीचं ठाम मत होतं. लिव्हर तर नाहीच नाही.

त्यामुळे धाकटीचा नवरा डॉक्टरांसमोर, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी इतक्या सहज, "मग माझं घ्या की," म्हणाला, तेव्हा धाकटी रडली, बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मोठीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ह्याला नक्की हवंय काय?

मोठी ही घरातली थोरली लेक. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात डॉक्टर होती. माणसाच्या अंगातला चिमूटभर तुकडा काचेवर घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, हे तिचं काम. आधी वाईट गृहीत धरायचं आणि मग ते शोधायचं, ही त्या कामाची सवय. घरी येताना माणसं चप्पल बाहेर काढतात, मोठीला ही सवय बाहेर काढता येत नसे. भाजीवाल्यापासून भाच्याच्या शिक्षिकेपर्यंत ती कोणालाच सोडत नसे.

तशी ती वळणावर गेली होती बाबांच्याच. बाबांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या गेटवर केली. पाळी सुटली की कामगारांच्या पिशव्या तपासायच्या. लहानपणी मोठी शाळेतून आली की बाबा आधी दप्तर उघडायला लावत आणि मग चहा विचारत. फरक इतकाच की बाबा हे हसत हसत करत.

आता बाबांचं हसणं पिवळं पडलं होतं. दारूच्या बाटलीला कधी बोट न लावलेल्या माणसाचं लिव्हर गेलं. झालं होतं असं की अंगाचं रक्षण करणाऱ्या त्यांच्याच पेशींना त्यांच्याच लिव्हरचा संशय आला. आपलं घर परक्याचं समजून त्या वर्षानुवर्षं त्याच्यावर तुटून पडत राहिल्या आणि शेवटी आत एक आक्रसलेला, गाठाळ गोळा उरला. कोणाच्या तरी निरोगी लिव्हरचा तुकडा बसवला तरच बाबा जगणार होते. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं, हे खरं आहे. पण पोट तर उघडावं लागतंच ना.

धाकटीचा रक्तगट जुळला नाही. मोठीचा जुळला, पण तपासणीत तिच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली. "घाबरण्यासारखं काही नाही, फक्त देता येणार नाही," असं सर्जनबाई फार मऊ आवाजात म्हणाल्या, आणि त्या मऊपणाचाच मोठीला जास्त राग आला. सख्ख्या मुलीचं चालेना आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या जावयाचं चालणार. हे तिला झोंबलं. झोंबलं हे मात्र ती मरेपर्यंत कबूल करणार नव्हती.

जावयाबद्दल तिच्या तक्रारी जुन्या होत्या. एक तर त्याचा फोन लागत नसे. लिफ्टच्या बोगद्यात असतो, तिथं रेंज नसते, असं धाकटी सांगे. मोठीला ते सोयीचं वाटे. दुसरं म्हणजे हा माणूस कायम फुल बाह्यांचा शर्ट घाली. मनगटाची बटणं लावलेली. अंगाची काहिली होत असली तरी बाह्या खाली. जेवायच्या आधी हात धुताना तो बाही वर सरकवत नसे, ओली करून घेई आणि तशाच ओल्या बाहीनं पानावर बसे. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मोठी तेव्हापासून म्हणत आली होती. बाबा म्हणायचे, मुरतंय ना, बाहीतच मुरतंय.

देणाऱ्याच्या लिव्हरमध्ये बारीक सुई घालून काडीएवढा नमुना घेतात आणि तो आमच्या ह्या मोठीच्याच विभागात तपासायला येतो. नात्यातल्या माणसाचा नमुना नात्यातल्यानं बघायचा नाही, असा नियम. म्हणून तो सावकाश सरांकडे गेला. सरांचं खरं नाव विभागात कोणी घेत नसे. ते सगळंच सावकाश करत आणि म्हणून चुकत नसत. त्यांनी स्लाइड बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली आणि मोठीला म्हणाले, "उत्तम लिव्हर. हेवा वाटावा असं."

मोठीशी बोलायला त्यांना नेमका हेवा हाच शब्द मिळाला.

मेणाच्या ठोकळ्यात नमुन्याचा थोडा भाग शिल्लक होता. दुपारी मोठीनं टेक्निशियनबाईला विचारलं, "डोकं दुखतंय का तुझं? जा आज लवकर घरी." बाईचं डोकं मुळीच दुखत नव्हतं, पण सुट्टी मिळतेय म्हटल्यावर ते दुखायला लागलं. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असा मोठीचा दुसरा संशय होता, म्हणून तिला घालवणं भाग होतं.

मग तिनं दार लोटून घेतलं आणि स्वतः कामाला लागली. ठोकळ्यातून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती कापली, कोमट पाण्यावर तरंगवली, काचेवर झेलली, रंगवली, वर पातळ काच चिकटवली. हे स्वतःच्या हातांनी केल्याला जमाना झाला होता. हातमोज्यांचा नवा खोका बाईच्या कुलपात होता, म्हणून तिनं सिंकखालचा जुना खोका ओढला. दारावर, सिंकवर, कपाटावर मोठीनंच लिहून चिकटवलेल्या सूचना होत्या. त्या ती सोडून बाकी सगळे वाचत.

तिला बघायच्या होत्या कुफर पेशी.

लिव्हर आतून म्हणजे पेशींच्या रांगा आणि रांगांमधून रक्ताच्या अरुंद गल्ल्या. आतड्यातलं रक्त, आपण खाल्ल्याप्यायलेल्या सगळ्यासकट, आधी ह्या गल्ल्यांत येतं. गल्लीच्या भिंतीला चिकटून, रक्तात हात सोडून कुफर पेशी बसलेल्या असतात. आतड्यातून सटकून आलेला जंतू दिसला की धरायचा आणि गिळायचा. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशीही त्या गिळतात आणि त्यातलं लोह परत वापरात आणतात. मोठीला त्यांचं कौतुक होतं ते मात्र वेगळ्याच कारणानं. जे पचत नाही ते त्या पोटात तसंच धरून ठेवतात. माणूस खोटं बोलेल, त्याच्या कुफर पेशी बोलणार नाहीत, असं ती शिकाऊ डॉक्टरांना ऐकवत असे.

नशेच्या गोळ्या कुटून, पाण्यात कालवून शिरेत टोचून घेणारी माणसं असतात. गोळीत शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पांढरी भुकटी मिसळलेली असते. ती रक्तातून फिरत लिव्हरपर्यंत आली की कुफर पेशी तीही गिळतात. साध्या उजेडात ती सहज नजरेत भरत नाही. पण मायक्रोस्कोपमध्ये खाली एक आणि वर एक अशा दोन खास काचा लावून उजेड गाळला की सगळं काळं पडतं आणि भुकटीचे कण तेवढे चमकतात. मोठीकडे त्या काचा नव्हत्या. तिनं एका तुटलेल्या गॉगलची भिंगं पुठ्ठ्यावर चिकटवून काम भागवलं होतं.

फुल बाह्या. ओली बाही. न लागणारा फोन. तिनं पुठ्ठा सरकवला.

काळोखात ठिपके चमकले. एक, मग त्याच्या पलीकडे दुसरा, मग रक्ताच्या गल्लीत तीनचार एकत्र. मोठीच्या छातीत धडधडायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत भीतीइतकाच आनंदही होता. बाहेर बोळकांडीत पावलं वाजली. तिनं दिवा बंद केला, स्लाइड खिशात टाकली आणि सरळ सर्जनबाईंची खोली गाठली.

"तुम्ही ती बघायलाच नको होती," सर्जनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता.

"बघितली आहे. टोचून घेणाऱ्याचं लिव्हर माझ्या वडिलांना लावणार आहात का?"

सर्जनबाईंनी हातातली फाइल मिटली. "सकाळी ती स्लाइड घेऊन या. सगळे मिळून बघू. तोवर ऑपरेशन थांबवते. तारीख दुसऱ्या रुग्णाला जाईल, हे लक्षात आहे ना?"

मोठी हो म्हणाली.

वॉर्डात आली तेव्हा धाकटी खाटेशी बसली होती. बाबा जागे होते आणि त्यांचं डोकं त्या घटकेला ठिकाणावर होतं. हल्ली तेही रोज नसे.

"तुझा नवरा फुल बाह्याच का घालतो गं?" मोठीनं विचारलं.

धाकटीचा चेहरा उतरला. "आवडतात त्याला," म्हणाली आणि उगाच पाण्याची बाटली भरायला उठून गेली. बाटली भरलेलीच होती. मोठीनं ते टिपलं.

"बाबा, तुम्हाला जावयाचं काही वेगळं वाटत नाही?"

"वाटतं की. मला लिव्हर द्यायला निघालाय, एवढा वेडा माणूस मी नोकरीत पाहिला नाही."

"मी थट्टा करत नाहीये. तुम्ही तर जन्मभर माणसं तपासलीत."

"तपासली. पण पाळी सुटली की लोंढेच्या लोंढे यायचे. एकेकाचा खिसा उलटा केला असता तर पुढची पाळी आत आलीच नसती."

"मग चोर कसा सापडायचा?"

"कधी सापडायचा, कधी नाही." बाबांनी डोळे मिटले. "कारखाना चालला पण."

संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरली. आक्रसलेल्या लिव्हरमधून रक्त नीट जात नव्हतं, आडवाटेनं वर पळत होतं, आणि त्यातले जंतू कुफर पेशींच्या हाती न लागता थेट अंगात शिरत होते. हे मोठीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ताप चढला तसे बाबा बरळायला लागले. कोणाला तरी पिशवी उघडायला सांगत होते. धाकटी नर्सला विचारत होती, ऑपरेशन का थांबवलं, आमचं काय चुकलं? नर्स म्हणाली, काही तपासण्या बाकी आहेत म्हणे. मोठी खिडकीपाशी उभी होती. खिशातल्या स्लाइडवर तिची बोटं होती.

जावई आला तो जिन्यानं. कामाचे बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी, बाह्या मनगटापर्यंत. मोठीनं त्याला जिन्याच्या वळणावर गाठलं.

"लिफ्टवाले असून जिन्यानं?"

"त्या लिफ्टचा आवाज ऐकलात का, ताई? मी नाही बसणार त्यात." मग तिचा चेहरा बघून त्यानं पिशवी खाली ठेवली. "बाबांचं काय झालं?"

"ताप आलाय. तुम्ही बाही वर करा."

"काय?"

"बाही. दोन्ही."

तो एकदम मागं सरकला आणि त्याचा हात आपोआप मनगटाच्या बटणावर गेला. मोठीला वाटलं, सापडला.

"ते धाकटीला विचारा, ताई. तिला माहीत आहे सगळं."

"मी तुम्हाला विचारतेय. तुमच्या लिव्हरमध्ये काय आहे ते मी बघितलंय. ऑपरेशन मी थांबवलंय. मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. वरच्या मजल्यावरून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. जावयानं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली. उजव्या हातावर काही नव्हतं. मग डावी. कोपराच्या आत रक्त काढलेल्या जागी कापसाचा बोळा होता, कालचाच. आणि कोपरापासून मनगटापर्यंत, ठसठशीत निळ्या अक्षरांत, वेलबुट्टीसकट, एका मुलीचं नाव गोंदलेलं होतं.

धाकटीचं नाव नव्हतं ते.

"कॉलेजात असताना केलं," तो पायरीकडे बघत म्हणाला. "तिचं लग्न कधीच झालं. दोन पोरं आहेत तिला. धाकटी तेच नाव घेऊन चिडवते मला. फक्त बाबांना सांगू नका. ते काही बोलणार नाहीत, पण मला कसंतरी होईल."

शाई अंगात टोचली की कातडीतल्या अशाच गिळणाऱ्या पेशी ती गिळून बसतात, एक मेली की तिची शाई दुसरी उचलते, म्हणून गोंदण जात नाही. हे मोठी झोपेतही सांगू शकली असती. तिनं त्याच्या दोन्ही कोपरांकडे पुन्हा बघितलं. टोचल्याच्या खुणा नव्हत्या. पायातूनही टोचतात काही जण, असं तिच्या मनात आलंच. तिची तिला लाज वाटली, तरी आलं.

"मग ते चमकत होतं काय?" ती जवळजवळ ओरडली.

"मला काय माहीत, ताई? मी कधी बघितलंय माझं लिव्हर?"

सकाळी सगळ्यांच्या आधी ती विभागात गेली. सावकाश सरांच्या मायक्रोस्कोपला खऱ्या काचा होत्या. तिनं स्लाइड लावली, दिवा लावला आणि ह्या वेळी घाई केली नाही. चमकणारे ठिपके होते. ते तिनं मोठे करून बघितले. प्रत्येक कण गोल होता आणि प्रत्येकावर अधिकच्या चिन्हासारखी काळी फुली होती. शंखजिरं असं दिसत नाही. त्याचे तुकडे अणकुचीदार, वेडेवाकडे असतात. गोल आणि फुलीवाला असतो तो स्टार्च.

तिनं बारीक चाक फिरवलं. कण स्पष्ट झाले तेव्हा लिव्हर धूसर झालं. लिव्हर स्पष्ट केलं तेव्हा कण धूसर. म्हणजे कण पेशींच्या पोटात नव्हतेच. पेशींच्या वर पडलेले होते. वरून पडले होते. हातमोजे चटकन चढावेत म्हणून जुन्या मोज्यांना आतून बाहेरून स्टार्चची पावडर लावलेली असे.

तिनं मान वर केली. समोर दारावर तिच्याच अक्षरात, खाली लाल रेघ मारून लिहिलेलं होतं. काच चिकटवताना पावडरचे हातमोजे वापरू नयेत.

मोठी पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकली. पुठ्ठा नाही, काचा नाहीत, साधा उजेड. जावयाच्या कुफर पेशी गल्ल्यांच्या कडेला बसल्या होत्या. बारीक, शांत, पोटं रिकामी. दिवसभर त्यांच्यासमोरून किती परकं काय काय जातं. खाल्लेल्या घासातलं सगळं परकंच की. बहुतेक त्या बघतात आणि जाऊ देतात. प्रत्येकावर तुटून पडल्या तर लिव्हरचं काय होतं, ते वर वॉर्डात बाबांच्या रूपानं पडलेलं होतं. मोठीला रडू फुटलं. वरच्या भिंगावर पाणी पडलं, ते तिनं बाहीनं पुसलं.

सर्जनबाईंना तिनं सगळं सांगितलं. हातमोज्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या संशयाची नोंद झाली आहे, त्यामुळं त्यांना पुन्हा एकट्याला बोलावून विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. "आम्ही काय विचारतो ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. दार बंद करून देणाऱ्याला सांगतात, नको असेल तर आत्ता म्हणा. कारण विचारणार नाही. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की लिव्हर जुळत नाही. तुमचं नाव कुठं येणार नाही. भिडेखातर कोणी पोट उघडून घेऊ नये म्हणून ही सोय.

जावई आत गेला. मोठी आणि धाकटी बाहेर बाकावर बसल्या. धाकटीला वाटत होतं, राहिलेली तपासणी असेल. मोठीला माहीत होतं की दारामागे एका माणसाला अगदी सन्मानानं पळून जायची वाट दाखवली जातेय, आणि तो गेला तर त्यात त्याची काही चूक नाही. तिनं स्वतः तरी काय केलं असतं? जी बाई जिन्यात अडवून बाह्या वर करायला लावते, तिच्या बापाला पोटातला तुकडा काढून दिला असता? जुळत नाही, एवढे दोन शब्द ऐकले की बाबा गेले. आणि ते शब्द खरे आहेत की सोयीचे, हे विचारायचीही सोय तिनं स्वतःला ठेवली नव्हती. धाकटीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, किती गार पडलाय तुझा हात."

दार उघडलं. सर्जनबाईंनी मोठीकडे बघितलंही नाही. "ताप उतरला की लगेच घेऊ," धाकटीला म्हणाल्या. मागून जावई बाहीचं बटण लावत आला.

ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला.

ऑपरेशननंतर बाबांना साध्या खोलीत आणलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा जाऊन तिथं जुना खट्याळपणा परतला होता. जावई पोटावर उशी धरून शेजारच्या खुर्चीत बसला होता, हसलं की टाके दुखायचे म्हणून. मोठी गोळ्या घेऊन आली.

"ह्या कशाच्या?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या पेशींनी नव्या लिव्हरवर संशय घेऊ नये म्हणून. रोज घ्यायच्या, न चुकता."

"मग एक तूही घे."

"हसवू नका हो," जावई उशी दाबत म्हणाला.

"लिव्हर जावईबापूंचं, पण आतल्या कुफर पेशी हळूहळू तुमच्या होतील," मोठी घाईघाईनं म्हणाली. "त्यांच्या जुन्या संपतात, तुमच्या रक्तातून नव्या येऊन बसतात."

"म्हणजे गेटवर पुन्हा मीच." बाबा खूश झाले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "पण काय रे, मध्येच ऑपरेशन थांबलं होतं ना? मला तापात ऐकू येत होतं. का थांबलं होतं?"

धाकटीनं मोठीकडे बघितलं. तिला अजून ठाऊक नव्हतं. मोठी हातातल्या गोळ्या पुन्हा मोजायला लागली.

"मला सर्दी झाली होती, बाबा," जावई म्हणाला. "सर्दी असताना घेत नाहीत म्हणे."

धाकटीचं लग्न झाल्यापासून मोठी ज्याची वाट बघत होती ते अखेर घडलं. जावयाचं खोटं तिनं समोरासमोर, रंगेहाथ पकडलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. उशीची कड नीट करत होता, आणि त्याची डावी बाही ओली होती.

"हो," मोठी म्हणाली. "फार सर्दी झाली होती त्यांना."

आणि तिनं पाण्याचा पेला बाबांच्या हातात दिला.